गढ्याच्या वाटेवर

परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाला त्या मुलखाचा भूगोल लवकर पाठ होतो. इतिहास मात्र सेवानिवृत्तीपर्यंत ठाऊक होत नाही. गावाकडे जाणारी गाडी किती वाजता सुटते, भाजी कोणत्या बाजारात स्वस्त मिळते, रजेचा अर्ज साहेबांपुढे कोणत्या वारी ठेवावा, हे सारे तो वर्षभरात शिकतो. त्यापलीकडे शिकण्याची त्याला गरज वाटत नाही. आपण येथे पाहुणे आहोत, आज ना उद्या बदली होईल आणि आपण आपल्या माणसांत परत जाऊ, या एका आशेवर त्याची वर्षे जात असतात. हे मी इतरांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः जबलपुरात सात वर्षे आहे. घमापूर भागात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो, एका केंद्रीय कचेरीत हिशेबाची खाती सांभाळतो, आणि या सात वर्षांत बदलीचे तीन अर्ज केले आहेत. एवढ्या काळात मी गढा पाहिला नव्हता.

गढा म्हणजे या शहराच्या नैर्ऋत्य टोकाला असलेले जुने गाव. आज ते जबलपूरचा एक मोहल्ला झाले आहे. परंतु जबलपूर हे नाव कोणाच्या फारसे खिजगणतीत नव्हते, तेव्हा एका विस्तीर्ण गोंड राज्याची ती राजधानी होती. आपल्या जुन्या कागदांत ‘गढामंडळ’ म्हणून ज्या प्रांताचा उल्लेख येतो, त्यातला गढा तो हाच.

तिथे जाण्याचा योग आला तो घरमालकांमुळे. ते तोफगाड्यांच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ. आम्ही सारे भाडेकरू त्यांना ‘दद्दा’ म्हणतो. त्यांचे मूळ घर गढ्याचे. दसरा होऊन आठवडा झाला होता. मुलांना घेऊन पत्नी माहेरी गेली होती. रविवार होता. आश्विनातले स्वच्छ ऊन अपेक्षावे, तर परतीच्या पावसाने पहाटेपासून झड लावली होती. घमापूरच्या गल्ल्यांतून गढूळ पाणी वाहत होते, आणि दुर्गापूजेच्या मांडवांचे भिजलेले बांबू रस्त्याकडेला रचून ठेवले होते. दद्दा छत्री घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, “बाबू, गढ़ा चलते हो? भतीजे के यहाँ जाना है.” पावसाचे कारण सांगून नकार देता आला असता. परंतु रिकाम्या घरात बसून पाऊस ऐकण्यापेक्षा सोबत बरी, असे वाटले.

शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे होते. रिक्षा बेलबागेवरून बड्या फुहाऱ्याच्या गर्दीत शिरली. मिठाईच्या दुकानांत खव्याच्या काळ्याभोर जिलब्या तळल्या जात होत्या. हातगाड्यांवर उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग ओल्या गोणपाटाखाली झाकलेले होते. शिंगाडे पाहून दद्दांना तलाव आठवले आणि त्यांचे बोलणे सुरू झाले. हे शहर बावन तलावांचे म्हणून लोक सांगतात. हनुमानताल, सूपाताल, देवताल, राणीताल, चेरीताल, आधारताल अशी नावे माझ्या रोजच्या कानावरची होती. रिक्षावाल्याला सांगण्याचे पत्ते, यापलीकडे त्यांना अर्थ असेल असे मनातही आले नव्हते.

राणीताल हा राणी दुर्गावतीने बांधविला, आणि आमच्या घमापूरच्या उत्तरेला असलेला आधारताल तिचा दिवाण आधारसिंह कायस्थ याने, असे परंपरा सांगते. चेरीताल राणीच्या दासीचा. चेरी म्हणजे दासी. त्याची गोष्ट दद्दांनी सांगितली ती अशी. राणीच्या तलावाचे काम चालू होते. शेकडो मजूर दिवसभर माती उपसत. तेव्हा राणीच्या दासीने त्यांना एवढेच विनविले, की संध्याकाळी काम संपवून घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाने जवळच्या जागेतून मातीची एकेक पाटी माझ्यासाठी उपसून टाकावी. एका पाटीला कोण नाही म्हणणार? राणीचा तलाव पुरा झाला, तेव्हा त्याच्या शेजारी दासीचाही तलाव तयार झाला होता. गोष्ट खरी की खोटी, हे ठरविण्याचे साधन नाही. परंतु ज्या गावाने राणीच्या बरोबरीने दासीचे नाव चार शतके जपले, त्या गावाच्या मनाविषयी ती काहीतरी खरे सांगते, एवढे निश्चित.

रिक्षा राणीतालावरून जाताना मी बाहेर डोकावलो. तलावाच्या पसाऱ्यात क्रीडांगण उभे राहिले आहे. चेरीताल तर बुजून गेला असून तिथे दाट वस्ती झाली आहे. पाणी गेले आणि नाव तेवढे राहिले.

गढ्याच्या आधी मदनमहालाची टेकडी लागते. काळ्या-करड्या ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा एकीवर एक रचल्यासारख्या तिथे पडल्या आहेत. त्यांतील एक शिळा दुसरीवर इतक्या थोड्या जागेत टेकली आहे, की ती आता घसरेल असे पाहणाऱ्याला वाटावे. २२ मे १९९७ च्या भूकंपात जबलपुरातली पक्की घरे कोसळली. ही शिळा हलली नाही. दद्दा खाली एका दुकानाच्या पडवीत थांबले आणि मी एकटा पायऱ्या चढून गेलो. पावसाने दगड धुऊन निघाले होते आणि कपारीतल्या सीताफळीच्या झुडपांतून पाणी निथळत होते. वर, एका अवाढव्य शिळेच्या माथ्यावर, एक आटोपशीर दुमजली इमारत आहे. महाल हे नाव तिला मोठेच होते. शिकारखाना किंवा टेहळणीची चौकी म्हणणे अधिक शोभेल. मदनसिंह नावाच्या गोंड राजाने ती बांधली, असे परंपरा मानते. तिच्या छायेत सोन्याच्या दोन विटा पुरलेल्या आहेत, असाही लोकांचा समज आहे.

मी त्या कमानीत आडोशाला उभा राहून खाली पाहिले. पावसाच्या पडद्याआड गढा दिसत होता: कौले, गच्च्या, अधूनमधून पाण्याचे चकाकणारे तुकडे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात संग्रामशहाने या राज्याचा विस्तार केला. बावन गढांचा तो धनी होता, असे गोंडांच्या परंपरेत अभिमानाने सांगितले जाते. संग्रामसागर तलाव आजही त्याचे नाव सांगतो. त्याचा पुत्र दलपतशहा आणि दलपतशहाची राणी ती दुर्गावती.

दुर्गावती या मुलखाची नव्हती, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथमच विचार करण्याजोगी वाटली. तिचा जन्म १५२४ साली कालिंजरच्या किल्ल्यात, चंदेल राजपुतांच्या घराण्यात झाला. दुर्गाष्टमीला जन्मली म्हणून दुर्गावती, अशी नावाची उपपत्ती सांगतात. १५४२ च्या सुमारास ती गोंडांच्या घरात सून म्हणून आली. भाषा वेगळी, कुळाचार वेगळे, सभोवती अरण्य. लग्नानंतर थोड्याच वर्षांत पती निवर्तला आणि लहानग्या वीरनारायणाच्या नावाने तिने राज्य हाती घेतले. पुढे सुमारे चौदा-पंधरा वर्षे तिने ते चालविले. अकबराच्या दरबारचा इतिहासकार अबुल फजल हा तर शत्रुपक्षाचा लेखक. पण तिच्या शौर्याची आणि कारभाराची थोरवी त्यालाही लपविता आली नाही.

१५६४ साली अकबराचा सरदार आसफखान चालून आला. मंडल्याच्या रस्त्यावर बरेल्याजवळ नर्रई नाल्याच्या खिंडीत लढाई झाली. सरमन नावाच्या हत्तीवर बसून राणी लढली. पुत्र जखमी झाला, त्याला तिने मागे पाठविले. पुढे तिला दोन बाण लागले. शत्रूच्या हाती जिवंत सापडू नये म्हणून तिने माहुताला आपला अंत करण्यास सांगितले. त्याचा हात उचलेना, तेव्हा स्वतःच कट्यार खुपसून घेतली. तो दिवस २४ जूनचा मानतात. वीरनारायणही पुढे चौरागढच्या वेढ्यात पडला, आणि गढ्याची लूट म्हणून हजार हत्ती आसफखानाच्या हाती लागले. गोंडांचे राज्य यानंतरही टिकले, पण खंडित होऊन. त्यांनी आपली राजधानी प्रथम रामनगरला आणि पुढे मंडल्याला नेली. गढा मागे राहिला.

एकोणिसाव्या शतकात जबलपुरास नेमणुकीवर असलेला इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन, ठगांच्या बंदोबस्तामुळे ज्याचे नाव प्रसिद्ध आहे तोच, या राणीविषयी एक हृद्य गोष्ट लिहून गेला आहे. नर्रईजवळच्या तिच्या समाधीवरून जाणारा प्रत्येक वाटसरू आसपास सापडणाऱ्या पांढऱ्या गारगोट्यांतली एक चांगलीशी गारगोटी निवडून समाधीवर ठेवतो, असे त्याने १८४४ च्या आपल्या पुस्तकात नमूद केले. राणीला जाऊन तेव्हा पावणेतीनशे वर्षे झाली होती.

टेकडी उतरून आम्ही गढ्यात पोहोचलो. अरुंद बोळ, नवीन सिमेंटच्या घरांमध्ये मध्येच एखादा जुना दगडी जोता, पिंपळाखाली शेंदूर फासलेली एखादी भग्न मूर्ती. दद्दांचा पुतण्या घरी नव्हता. तो येईपर्यंत आम्ही पत्र्याच्या छपराखाली चहा घेत बसलो. समोर पुरव्याकडे जाणारा रस्ता होता. गोंड राजांचा शेवटचा प्रसिद्ध वंशज शंकरशहा त्या पुरव्यात राहत असे. राज्य गेलेले, उरली ती थोडीशी जमीन आणि नाव. १८५७ साली त्याच्या घराची झडती झाली, तेव्हा एका कागदावर देवीला शत्रुसंहारासाठी केलेली पद्यमय प्रार्थना सापडली. तोच राजद्रोहाचा पुरावा ठरला. १८ सप्टेंबर १८५७ रोजी शंकरशहा आणि त्याचा पुत्र रघुनाथशहा यांना जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले. त्याच रात्री तिथली बावन्नावी देशी पलटण बंड करून निघून गेली.

ही हकीकत सांगून झाल्यावर दद्दांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि अगदी सहज विचारले, “बाबू, तुम्हारे मराठों ने भी तो यहाँ राज किया था. उन्होंने क्या बनवाया?”

त्यांच्या स्वरात टोचणी नव्हती. राणीने तलाव बांधला, दासीने बांधला, दिवाणाने बांधला. मग ज्यांनी नंतर राज्य केले त्यांनी काय बांधले, असा तो साधा प्रश्न होता. मला उत्तर आले नाही. मराठ्यांनी अटकेपर्यंत घोडे नेले हे शाळेत मला मुखोद्गत होते; माझ्या राहत्या गावावर त्यांचे राज्य होते, याची मात्र जेमतेम ऐकीव माहिती होती.

घरी परतल्यावर पुढचे काही दिवस गॅझेटियरची जुनी पाने चाळण्यात गेले, तेव्हा हिशेब लागला. १७४२ साली नानासाहेब पेशवे मंडल्यावर चालून आले. त्या लढाईत गोंड राजा महाराजशहा मारला गेला, आणि सालीना चार लाखांची चौथ कबूल करून त्याच्या मुलाला गादीवर बसविण्यात आले. १७८१ साली सागरच्या मराठी कारभाऱ्यांनी शेवटचा राजा नरहरिशहा याला काढून राज्य खालसा केले. १७९८ मध्ये पेशव्यांनी हा प्रांत नागपूरकर भोसल्यांना दिला. १९ डिसेंबर १८१७ रोजी जबलपुराजवळ इंग्रजांनी भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि मराठ्यांचा अंमल संपला. १७८१ पासून मोजले तर छत्तीस वर्षे. कारकुनाच्या भाषेत सांगायचे, तर एका माणसाची पुरी नोकरी.

त्या छत्तीस वर्षांत काय उरले? सागरच्या अमलातील वासुदेव पंडित नावाच्या अधिकाऱ्याने अवघ्या अठरा महिन्यांत मंडल्याच्या रयतेकडून जुलमाने जबर पैसा उकळला, अशी त्याची आठवण गॅझेटियरकारांनी नोंदविली आहे. तो मजकूर वाचताना, आपल्याच नात्यातल्या कोणाचे प्रकरण चौकशीच्या फायलीत सापडावे, तसे मला झाले. दुसरी बाजूही आहे, ती सांगितली पाहिजे. पेंढाऱ्यांच्या धाडींनी हा प्रदेश उजाड होत असताना मंडला शहर वाचले. त्याच्या ज्या बाजूला नर्मदेचे पाणी नव्हते, त्या बाजूला मराठ्यांनी तट बांधला होता. आणखी एक गोष्ट घडली. १७८१ नंतर मराठ्यांनी आपल्या कारभाराचे ठाणे म्हणून जबलपुराची निवड केली. इंग्रजांनी सागर-नर्मदा प्रांताचा कारभार मांडताना तेच पुढे चालविले. मग छावणी आली. १८६७ साली अलाहाबादकडून रेल्वे आली, १८७० साली मुंबईकडची येऊन तिला मिळाली. १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला, आणि त्याच्या आसपास घमापूरसारख्या वस्त्या कामगारांनी भरून गेल्या. म्हणजे दद्दांची नोकरी आणि माझ्या दोन खोल्या यांचा धागा मागे मागे नेला, तर तो कोणा मराठी कारभाऱ्याच्या त्या निवडीपर्यंत पोहोचतो. परंतु ठाणे निवडणे म्हणजे काही बांधणे नव्हे. वसुलीला सोयीची जागा कोणती, एवढाच त्यात विचार असावा.

ते कारभारी तरी कोण होते? कोकणातून, देशावरून, वऱ्हाडातून इथवर आलेली माणसे. त्यांनाही घरची ओढ असेल. गावाकडून आलेल्या पत्राची ते वाट पाहत असतील आणि धन्याकडे ‘स्वदेशी नेमणूक व्हावी’ म्हणून विनंतीही करीत असतील. त्यांची आणि आपली जात एकच, नेमणुकीवर आलेल्यांची. नेमणुकीच्या गावाकडे पाहण्याची आपली दृष्टीही बहुधा तीच आहे: येथून काय मिळते आणि येथून केव्हा सुटतो. ते महसूल नेत असत, आपण पगार नेतो. आपला पगार कष्टाचा असतो, हा फरक लहान नाही. परंतु दद्दांचा प्रश्न त्या फरकाने पुसला जात नाही.

बाहेरून येणे हा मुळी दोषच नव्हे. दुर्गावतीही बाहेरचीच होती. परक्या घरात आलेल्या सुनेने ते घर आपले मानले, एवढ्याने ती गढ्याची झाली. तिच्या कालिंजरचे नाव आज इथे कोणी काढीत नाही. आणि आपल्या मराठी माणसांतही असे कोणी झालेच नाहीत, असे नाही. भेडाघाटच्या वाटेवर तेवर नावाचे खेडे आहे. ती गोंडांच्याही आधीच्या कलचुरी राजांची त्रिपुरी. तिचा इतिहास शिलालेखांत आणि ताम्रपटांत विखुरलेला पडला होता. कोकणात जन्मलेले आणि नागपुरात अध्यापन करणारे वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो अक्षर अक्षर वाचून लावला. त्यांनी संपादित केलेले कलचुरी-चेदी संवताच्या कोरीव लेखांचे दोन खंड १९५५ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा, त्रिपुरीत १९५२ साली केलेल्या उत्खननाचा वृत्तान्तही छापून निघाला. या दोघांनी तलाव बांधले नाहीत. पण या भूमीची बुजून गेलेली स्मृती उपसून तिचे पाणी पुन्हा वर आणले. एक वासुदेव पंडित या मुलखातून थैल्या भरून गेला. दुसरे वासुदेव पंडित त्याची हरवलेली नावे त्याला परत देऊन गेले.

तुम्ही-आम्ही मिराशी नव्हे, हे मला ठाऊक आहे. राणीचा तलाव बांधण्याची आपली ऐपत नाही. परंतु चेरीची तरी कुठे होती? तिने मागितली ती एक पाटी, तीही दिवसाचे काम आटोपून घरी निघालेल्यांकडून. सात वर्षे मी रोज संध्याकाळी कचेरीतून घरी निघतो आहे. त्यातल्या एखाद्या दिवशी ती एक पाटी टाकावी असे मला कधी सुचले नाही. वस्तीतल्या एखाद्या मुलाला गणित शिकवावे, उरलेल्या एखाद्या तलावासाठी अर्ज लिहून द्यावा, निदान शेजाऱ्याच्या गावाची गोष्ट समजून घेऊन आपल्या भाषेत लिहून ठेवावी. पाटी म्हणजे यापेक्षा निराळे काय असते?

संध्याकाळी परतताना पाऊस थांबला होता. पश्चिमेला ढग फाटून केशरी उजेड आला होता आणि सूपातालाच्या पाण्यात टेकडीचे काळे दगड उलटे उभे होते. दद्दांनी शिंगाड्यांचा एक पुडा घेतला आणि अर्धा माझ्या पिशवीत ओतला. मी त्यांना म्हटले, “दद्दा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही. शोधून सांगेन.” ते हसले. कदाचित प्रश्न विचारल्याचे ते विसरूनही गेले असतील.

बदलीचा चौथा अर्ज मी लिहून ठेवला आहे. तो पाठविणार नाही असे म्हणण्याइतका मी मोठा नाही. घरी वृद्ध आई आहे. परंतु अर्ज पाठविण्यापूर्वी एकदा बरेल्याला जाऊन यायचे ठरविले आहे. तिथे पांढऱ्या गारगोट्या अजून सापडतात का ते पाहीन, आणि सापडली तर एक चांगलीशी निवडीन.